साक्षीतली गाय

"आणि मग, प्रियांनो, मी गाय विकली!" महिपती माईकवर म्हणाला आणि इंदापूरच्या त्या मंगल कार्यालयात 'हालेलुया'चा गजर झाला. गजर गाय विकल्याबद्दल नव्हता. गाय विकून दारू पिणारा माणूस आता सुधारून समोर उभा आहे, याबद्दल होता.

बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसलेल्या द्वारकाबाईनं नकोशीला कोपरानं ढोसलं.

"अगं, तुझ्या नवऱ्याकडं गाय कवा व्हती?"

"न्हवती."

"मग इकली कुठली?"

"साक्षीतली," नकोशी म्हणाली आणि पदर सावरून पुढं बघत बसली.

संजीवन सभेत साक्ष द्यायची पद्धत आहे. प्रभू भेटायच्या आधी आपण कसे होतो आणि भेटल्यावर कसे झालो, हे मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. यात अडचण एवढीच, की 'आधी' जितकं काळं, तितकं 'नंतर' उजळ दिसतं; आणि महिपतीचं 'आधी' फारच बेताचं होतं. बारामती एमआयडीसीत वॉचमनची नोकरी, वेळेवर घरी, तंबाखू काय ती तेवढी. लग्नाआधी एकदा मित्रांनी पाजली, तेव्हा तो उसाच्या सरीत झोपला आणि उठल्यावर बरेच दिवस लोकांच्या नजरा चुकवत हिंडला. पहिल्या साक्षीत त्यानं हे जसंच्या तसं सांगितलं. कुणी आमेनसुद्धा म्हणालं नाही. त्याच्यानंतर उठलेल्या पाहुण्यानं सख्ख्या भावावर कुऱ्हाड उगारली होती. त्याला स्टेजवर गादीची खुर्ची मिळाली आणि पाण्याची सीलबंद बाटली.

पुढच्या वर्षी महिपती रोज पीत होता. त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं घरातली भांडी विकली. मग बायकोला मारू लागला. "खरं ना, भगिनी?" असं पास्टरांनी विचारलं की नकोशी मान हलवायची. बापडा मारत नव्हता. मग मारलं म्हणून सांगितलं तर आपलं काय दुखतंय, असा तिचा हिशेब. बाटलीचं सांगताना महिपती उजवी मूठ अशी वळायचा, की गळा आवळलेली क्वार्टर लोकांना दिसायची. त्या मुठीच्या जोरावर त्यालाही गादीची खुर्ची मिळाली होती.

गाय विकली त्या दिवशी सभा सुटल्यावर पास्टर रविराजांनी त्याला बाजूला घेतलं. रविराज तरुण होते, मनानं चांगले होते आणि पुण्याहून शिकून आले होते. या तिन्ही गोष्टींतून माणूस हळूहळू बरा होतो. येताच त्यांनी नकोशीचं नाव बदलून 'कृपा' ठेवायचं काढलं होतं. तिसरी मुलगी झाली म्हणून आजीनं ठेवलेलं हे नाव ख्रिस्ती बाईला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. नकोशी म्हणाली होती, "ज्यानं वरनं हाक मारायची, त्याला ह्ये पाठ हाय. उगं त्याचा घोळ कशाला करायचा?"

"काका," रविराज म्हणाले, "उद्या शेवटचा दिवस. मुंबईचे वक्ते येणार, यूट्यूबवर लाईव्ह आहे. खरं सांगू? गायीनं लोक गजर करतात. हृदय फुटत नाही. तुमची एक मुलगी लहानपणी गेली ना? त्या काळात तुमची दारू चालूच असेल. दारूमुळेच झालं असेल ना ते?"

महिपती चपलेत पाय सरकवत "व्हय," म्हणाला.

सकाळी अंथुर्ण्याच्या दूध संकलन केंद्रात नकोशी कॅन धूत होती. आयुष्यभर तिनं हेच केलं होतं. गरम पाणी आणि सोडा टाकायचा, लांब दांड्याचा ब्रश आत फिरवायचा, कॅन पालथा घालायचा. त्यात दूध दुसऱ्याचं येतं आणि दुसऱ्यांकडंच जातं. महिपती येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आज सारजाचं सांगनार हाय."

ब्रश थांबला. "काय सांगनार?"

"औषदाचं पैसं घिऊन गेलो आन् गुत्त्यावर पिऊन बसलो. म्हनून गेली."

"प्याला व्हता त्या दिवशी?"

"न्हाय."

"त्याच्या आदल्या दिवशी?"

"अगं, तुला ठावं न्हाय का?"

"मला ठावं हाय. तुमाला हाय का, ते बगतीया." तिनं कॅन पालथा घातला. "गाय इकली, मी गप बसले. मला बडवलं, तरी मान हलवली. आता पोरगी इकाय काढली व्हय? एका खुर्चीपाय?"

"खुर्चीसाठी न्हाय गं." महिपती जमिनीकडं बघत म्हणाला. "लोकं काय इचारत्यात, तुला म्हाईत हाय. प्रार्थना केली न्हवती का? विश्वास कमी पडला का? इतकी वर्सं झाली, तरी इचारत्यात. आन् मला उत्तर येत न्हाय. देवानं का केलं आसं, ह्ये मला न्हाय सांगता येत. माझ्या दारूनं गेली म्हटलं, की समदी गप बसत्यात. देवाकडं कुनी बोट करत न्हाय. माझ्याकडं करत्यात. मला चालतंय."

नकोशीनं हात पदराला पुसले. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस इतकं लांब पहिल्यांदाच बोलला होता, तेही माईकशिवाय.

"मला न्हाय चालत," ती म्हणाली. "देव काय करडू हाय व्हय, तुमी आडोशाला धरायला? त्याचं त्यो बगून घील. म्हैस इका, डेरी इका, लागंल तर मला इका. सारजाला हात लावायचा न्हाय."

"पास्टरला सबूद दिलाय."

"मग द्या. मीबी यीनच की."

दुपारी मंगल कार्यालय भरलं होतं. स्टेजमागच्या फ्लेक्सवर 'तुमच्या जीवनाचा उद्देश काय?' असं लिहिलं होतं. पण सात वक्त्यांचे फोटो छापल्यावर प्रश्नाला जागा कमी उरल्यामुळं तो खाली बारीक अक्षरात होता. प्रभू येशूचं चित्र कोपऱ्यात, जनरेटरवाल्याच्या जाहिरातीशेजारी. त्याची तक्रार दिसत नव्हती.

महिपती माईकपाशी गेला. कॅसिओ वाजवणाऱ्या दीपकनं सवयीनं हळवा सूर धरला.

"मला एक मुलगी होती. सारजा," महिपती म्हणाला. आवाज फुटला. हे फुटणं मात्र त्याच्या साक्षीत नवीन होतं आणि खरं होतं. "ती आजारी पडली. औषधाचे पैसे घेऊन मी निघालो," उजवी मूठ आपोआप वळली, "आणि वाटेत..."

"थांबा."

नकोशी उभी राहिली होती. बायकांतून वाट काढत ती पुढं आली. रविराज घाईनं स्टेजच्या कडेला आले.

"भगिनी, साक्ष चालू आहे."

"व्हय. म्हनून तर आले. त्या टायमाला ह्यांच्याशिवाय तितं मीच एकली व्हते." तिनं महिपतीच्या हातून माईक घेतला. कॅन उचलणाऱ्या हाताला तो फारच हलका लागला असावा; तिनं एकदा त्याच्याकडं संशयानं पाहिलं.

"ह्यो मानूस दारू पीत न्हाय," ती म्हणाली. "गाय न्हवती. मला मारलं न्हाय. मी मान हलवली, ते माझं चुकलं. पोरीला न्युमोनिया झालता. दुधाच्या टेम्पोतनं बारामतीला नेली. दवाखान्याचं फाटक मोडून अडकलं व्हतं, टेम्पो आत जाईना. तवा ह्यो तिला छातीशी धरून पळाला. पायात चप्पल न्हवती. डागदरांनी जे सांगितलं ते समदं आणलं. मी प्रार्थना केली. ह्यांनीबी केली. समद्या मंडळीनं केली. विश्वास कुनाचाबी कमी न्हवता. आन् ती गेली."

तिनं माईक दुसऱ्या हातात घेतला.

"मी मागितलं. त्यानं दिलं न्हाय. का, ते मला ठावं न्हाय. हितल्या कुनाला ठावं आसलं तर घरी येऊन सांगू नका. मग मी थोडं रविवार देवळात आले न्हाय. घरी बसून त्याच्यासंगट भांडले. एका रविवारी उठले आन् आले. त्यानं मला काय दावलं न्हाय, सपान पडलं न्हाय. तरी आले. तवापास्नं येतीया. ज्या दिवशी भेटंल, त्या दिवशी त्याला इचारनार हाय, आन् उत्तर घेतल्याबिगर आत जानार न्हाय. तारण झालंय का न्हाय, ते त्यानं ठरवावं. मी हात सोडला न्हाय, एवढी माझी साक्ष हाय."

कुणी हालेलुया म्हणालं नाही. रविराज जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "भगिनी, लाईव्ह आहे. अशानं लोक विश्वासात दुर्बळ होतील."

"व्हतील त्यास्नी माझ्याजवळ बसवा," नकोशी माईकवरच म्हणाली. "मी कुठं पडले?"

"आपण... आपण एक गीत घेऊ या," रविराज म्हणाले. दीपकचे हात कॅसिओवर तसेच होते. कोणतं गीत, हे त्याला कुणी सांगेना.

नकोशीनं माईक स्टँडला लावला, उतरली आणि आपल्या जागी जाऊन बसली. स्टेजवर महिपती एकटा उरला. त्यानं गादीच्या खुर्चीकडं पाहिलं; तिच्यावर पाण्याची बाटली अजून सीलबंद होती. मग तो पायऱ्या उतरला. पुरुषांच्या बाजूला त्याच्यासाठी सरकून जागा केली गेली. ती ओलांडून तो बायकांच्या सतरंजीपाशी आला आणि नकोशीच्या शेजारी मांडी घालून बसला. असं त्या मंडळीत आजवर कुणी बसलं नव्हतं. द्वारकाबाईनं तोंड उघडलं, मिटलं आणि थोडी सरकली.

शेवटी दीपकलाच काहीतरी सुचलं आणि गीत सुरू झालं. सगळे टाळ्या वाजवू लागले. महिपतीनं वाजवल्या नाहीत. त्याचा उजवा हात छातीशी आडवा होता, मूठ उघडी, तळवा वर, आणि कोपराशी थोडा उंच. छातीशी लेकरू धरलं की डोकं त्या बाजूला असतं.