आरशातली सवत

बाबांच्या सलूनमध्ये सात आरसे आणि एक पक्षी. लोक ज्याला लव्हबर्ड म्हणतात तो, हिरवा, निळ्या नाकाचा नर. त्याचा जीव जडला होता आरशातल्या स्वतःवर. खाल्लेले दाणे उलटे काढून तो काचेला भरवायचा, आणि काच पुसायचं काम माझ्याकडे. महिन्याभरात तो इतका वाळला की छातीचं हाड दिसायला लागलं.

"आरसे झाका आणि मादी आणा, नाहीतर हा जगायचा नाही," डॉक्टर म्हणाले. घरी ठेवावा तर माणसांच्या गप्पांशिवाय तो दाण्याला तोंड लावत नसे.

शेजारच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी आपली पिवळी मादी आठवड्यासाठी दिली. बाबांनी सातही आरशांवर टॉवेल टाकले. आता गिऱ्हाइकं "कसा दिसतोय?" विचारायची आणि बाबांना खरं सांगावं लागायचं. स्वतः बाबा दर दहा मिनिटांनी आरशात मिशी न्याहाळणारे, आणि घरी तर आरसाच नव्हता. आई जाऊन नऊ वर्षं झाली, मिशी कुणासाठी जपतात देव जाणे. दुसऱ्या खुर्चीवर मी काम करते, पण मिशीला मलाही हात लावू देत नाहीत.

पिवळीने चार दिवस हिरव्याकडे पाठच फिरवली. बाबा काळजीने अर्धे झाले.

"निवड तिची असते," बाई म्हणाल्या. "याने गायचं आणि वाट बघायची." त्या सकाळ-संध्याकाळ तिची चौकशी करायला येत.

सातव्या दिवशी हिरवा मान डोलवत तिच्याजवळ सरकला. तिने चोच पुढे केली, त्याने भरवलं. मग दोघं दाण्याच्या वाटीवर तुटून पडली. बाबा गिऱ्हाइकाची दाढी अर्धी टाकून डोळे पुसायला लागले. मलाही रडू आलं.

त्या आनंदात बाबांनी कोपऱ्यातल्या आरशावरचा टॉवेल उचलला आणि मिशी चाचपली. आठवडाभर अंदाजाने कातरलेली मिशी डावीकडे ओठावर लोंबत होती, उजवीकडे जवळजवळ नव्हतीच. मी मुद्दामच बोलले नव्हते.

"तुम्ही तर रोज बघत होता," ते बाईंना म्हणाले. "एका शब्दाने सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तुम्ही परत आरशात शिरला असतात. या आठवड्यात बोलताना तुम्ही माझ्याकडे बघत होतात."

बाबांचे कान लाल झाले. "पिवळीला उद्या न्यायचंय ना?"

"ती आता कुठली येतेय," बाई म्हणाल्या. "मीच येत जाईन."

बाबांनी टॉवेल परत खाली सोडला.