हूड म्हणजे पण

लालबागच्या चाळीत शेजार फुकट मिळायचा, नको असेल तेव्हासुद्धा. कोपरखैरण्याच्या सोसायटीत मात्र दोन सेफ्टी डोअर समोरासमोर, आणि दोन्ही कायम बंद. नवरा होता तोवर स्मिताला हे फारसं जाणवलं नव्हतं. तो गेला, मुलगा स्वानंद सांगलीला हॉस्टेलवर गेला, आणि महाप्याहून कंपनीच्या बसनं परतलं की घर खायला उठायला लागलं. एकटीपुरत्या चार भेंड्या, त्या चिरायला वेळ तो किती लागणार!

म्हणून तिनं संध्याकाळचा इंग्रजीचा क्लास लावला. ऑफिसात कुणी विचारलं तर ‘प्रमोशनला बरं पडतं’ म्हणायची. प्रमोशन गेलं खड्ड्यात. समोरच्या घरात वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली क्षिप्रा त्या क्लासला जायची, हे खरं कारण. चालत घरी येताना दोघींच्या गप्पा अशा रंगायच्या, की जिना संपला तरी बोलणं उरायचं. मग समोरच्या दारामागून सासूबाईंचं खोकणं ऐकू यायचं. क्षिप्रा आत जायची आणि स्मिता आपलं कुलूप काढायची.

संक्रांतीच्या आठवड्यात श्यामसुंदर सरांनी ‘हूड’ शिकवायला घेतलं. "हूड म्हणजे आपलं पण. शब्दाच्या शेपटीला चिकटवा, नाम तयार. चाइल्डहूड, बालपण. मदरहूड, आईपण."

"मग मोठेपणाला काय सर, बिगहूड?" दिघ्याहून येणाऱ्या पोपटनं विचारलं.

"तिथं नेस लागतं. ग्रेटनेस. तुला त्याची घाई नाही, बस खाली."

"आणि विडोला काय लागतं?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"हूडच की. विडोहूड." सरांनी फळ्यावर लिहिलं, सगळ्यांनी उतरवून घेतलं. स्मितानं पेन उचललं नाही. त्या एका शब्दाचा तिचा अभ्यास झालेला होता.

मग सरांनी फर्मान काढलं, प्रत्येकानं आपल्या मनानं एक शब्द तयार करायचा आणि वाक्यात वापरायचा. स्मिता बराच वेळ बाकावरच्या रेघोट्या बघत बसली. आणि अचानक तिला असा शब्द सुचला, की आपण इंग्रजीत नवी भरच घातली असं तिला वाटलं. ती उभी राहिली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "आय हॅव गुड नेबरहूड. हर नेम इज क्षिप्रा."

क्लास खो खो हसला. सरही हसले. "अहो मॅडम, तो शब्द आधीपासून आहे. पण अर्थ वेगळा. नेबरहूड म्हणजे आजूबाजूचा एरिया. रस्ते, दुकानं, बिल्डिंगा. त्याचं नाव क्षिप्रा कसं असेल?"

"मग शेजारपणाला काय म्हणायचं?"

"शेजारपणाला..." सरांनी हातातला खडू फिरवला. "बघून सांगतो."

क्षिप्रा तेवढी हसली नव्हती. वाटेत ती म्हणाली, "काकू, चुकलं तरी तुमचं वाक्य मला आवडलं." थोडं चालल्यावर तिच्या तोंडून निघून गेलं, "शनिवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे. सासूबाईंनी सगळ्या बिल्डिंगला बोलवलंय." आणि तिनं जीभ चावली.

स्मिता पुढच्या वाक्याची वाट बघत चालली. नाक्यापर्यंत, गेटपर्यंत, जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत. ते आलं नाही. विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, हे का तिला कुणी शिकवायला हवं होतं? पण शहर नवं, बिल्डिंग नवी, तर रीतही नवी असेल, अशी वेडी आशा तिनं धरली. शनिवारी तिनं कपाटाच्या तळातून काळी साडी काढली, नेसली, आणि दिवा न लावता दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिली. आयत्या वेळी हाक आली तर पटकन उठता यावं म्हणून.

बाहेर बांगड्या वाजत होत्या, उखाणे चालले होते. जिन्यात चपलांचा इतका खच पडला, की काही स्मिताच्या पायपुसण्यावर आल्या. तिच्या दाराशी आलं ते तेवढंच. बायका परतल्या, आपापल्या चपला शोधून गेल्या, जिना शांत झाला.

तेव्हा बेल वाजली. दारात क्षिप्रा होती, पदराखाली स्टीलची वाटी झाकून. "तिळगूळ घ्या काकू, गोड बोला," ती कुजबुजली. मग तिची नजर काळ्या साडीवर गेली आणि तिचा चेहराच पडला. "मला बोलवायचं होतं हो तुम्हाला, पण..."

"क्षिप्रा! कुठं गेलीस गं?" आतून हाक आली. क्षिप्रानं वाटी स्मिताच्या हातात कोंबली आणि ती पळाली. समोरचं सेफ्टी डोअर लागलं.

स्मिताला रडू फुटलं. या पोरीवर रागवायचं तरी कसं? सर म्हणाले होते, ‘पण’ शब्दाला चिकटवलं की नाम तयार होतं. ते सुटं पडलं तर काय होतं, ते कुणी शिकवलं नव्हतं. शेजार होता, पण.

तिळगूळ तिनं तोंडात टाकला. गोड होता. गोड बोलायला घरात कुणी नव्हतं. तिनं वाकडं झालेलं पायपुसणं सरळ केलं, दार लावलं आणि साडी बदलायला आत गेली.