पिवळं पाणी

रांग गॅरेजच्या शटरपासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. आत स्टुलावर कावीळवाले महाराज बसले होते आणि शेजारी, सगळ्यांना दिसेल असा, माझा नवरा उभा होता.

"बघा या माणसाला!" महाराज गरजले. "बेकरीत भट्टीवर राबतो. दरवर्षी कावीळ होते, दरवर्षी मी उतरवतो. डॉक्टरांना जमलं?"

"नाही!" गर्दी ओरडली. नवऱ्याने लाजत मान हलवली. लग्नातसुद्धा तो इतका खुलला नव्हता.

मग माझी नणंद पुढे झाली. तिच्या कुशीत जन्मल्यापासून पिवळं पडत चाललेलं बाळ. त्याला निळ्या दिव्याखालून हलवू नका, असं इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मीही घसा कोरडा केला. पालथ्या घड्यावर पाणी.

"वहिनी, दादा बरा झालाच ना इथे?" एवढंच ती म्हणाली.

महाराजांनी बाळाच्या तळहातांना कसलासा रस चोळला, घमेल्यातल्या नितळ पाण्यात हात बुडवले. पाणी पिवळंधमक!

"विष उतरतंय, विष! यकृत माझ्या बोटांना टरकून असतं!"

लोकांनी हात जोडले. नणंद आनंदाने रडली. बाळ मात्र रडेना, दूधही ओढेना.

"आजार थकलाय," महाराज म्हणाले. थकलं होतं ते बाळ.

बाळाला झटके आले तेव्हा इस्पितळ आठवलं. डॉक्टरीणबाईंनी बाळाचं रक्त बदललं, त्याला पुन्हा दिव्याखाली ठेवलं आणि बाहेर येऊन माझ्या नवऱ्याला विचारलं, "तुमची कावीळ महाराज कशी उतरवतात?"

"आधी कडक उपास करायला लावतात. डोळे आणखी पिवळे होतात, म्हणजे आजार वर येतो. मग त्यांच्या हातचं जेवलं की उतरतो."

"उपाशी राहिलात की वाढतो, जेवलात की उतरतो. यात महाराज कुठे आले?" बाई चिडल्या होत्या. "रक्तातलं पिवळं द्रव्य बाहेर टाकायचं काम तुमच्या यकृतात जन्मापासून मंद आहे. त्याने तुमचं काही बिघडत नाही. कामाच्या नादात जेवण चुकलं की डोळे पिवळे, इतकंच. या बाळात तेच काम बंद आहे. मग ते द्रव्य मेंदूत शिरतं, कानांचं ऐकणंही कायमचं नेऊ शकतं. निळा दिवा ते फोडून बाहेर काढतो."

नवरा माझ्याकडे वळला. "म्हणजे मी खोटी साक्ष दिली?"

"खोटी नाही," मी म्हणाले. "उपाशी." माझ्या जिभेला तेव्हा दया नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गॅरेजमध्ये गेलो. मी हात पुढे केले. रस चोळला, हात बुडवले, पाणी पिवळं.

"माई, तुझी कावीळ आत दडून बसली होती!"

"बरं. आता तुमचे हात धुवा."

"माझ्या हातात देव आहे!"

"मग देवालाही कावीळ आहे का ते बघू," म्हणत नवऱ्याने त्यांचं मनगट धरलं. पिठाची पोती उचलणारा हात तो, सुटणार कसा? मी त्याच्या पकडीतल्या महाराजांच्या हाताला रस चोळला, पुढच्या रोग्यासाठी भरलेल्या नितळ घमेल्यात तो बुडवला. पिवळंधमक.

गर्दी घमेल्याभोवती दाटली. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मी सांगितलं. हाताला झाडाच्या सालीचा रस, घमेल्यात चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आले की पाणी पिवळं होतं. हात आजाऱ्याचे असोत नाहीतर पैलवानाचे.

"असेल बाई," रांगेतली एकजण म्हणाली, "पण माझा भाऊ इथेच बरा झाला."

बऱ्याच काविळी आपोआप उतरतात. श्रेय जवळ उभा असेल तो लाटतो. पण जी उतरत नाही, ती माणूस घेऊन जाते. म्हणून पाणी पिवळं करणाऱ्याला आधी निरोगी हात धुऊन दाखवायला सांगा. आणि तान्हं बाळ पिवळं दिसलं तर एक दिवसही दवडू नका. कुणी बरा झाला, एवढ्यावर जाऊ नका. तो कशाने बरा झाला, ते विचारा.

आमचं बाळ वाचलं. आता ते घरी निळ्या दिव्याखाली निजतं. माझा नवरा रोज कामावर जाण्याआधी पाळण्यामागे उभा राहतो आणि टाळ्या वाजवतो. बाळ वळून बघत नाही.