रांजणामागची भिंत

नवऱ्याला आपल्या कामाला जुंपायची हौस आभाला त्या दिवशी भलतीच महागात पडली. शनिवार होता. निनाद एरवी शारजात, अल मजाजच्या घरी, दुपारपर्यंत लोळत पडला असता. पण रास अल खैमाच्या डोंगरातल्या एका जुन्या दगडी घराच्या दारावरचा दगड खचायला लागला होता आणि अशी घरं जतन करणं हे आभाचं काम होतं. मुसफ्फाच्या कारखान्यात पोलादी सांगाडे उभे करणारा इंजिनिअर घरातच असताना बाहेरचा माणूस कशाला, असा बाईंचा विचार.

घर तिच्यासोबत तिथे आलेल्या हम्मादच्या पणजोबांचं. अर्धं जमिनीत, खिडकी एकही नाही, दार इतकं बुटकं की रांगतच आत जायचं. वर बाभळीची खोडं आणि त्यांच्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात माणसं खाली खजुरांच्या बागांकडे उतरायची तेव्हा धान्याचा रांजण आत ठेवून दाराला कुलूप घालायची. रांजण अजून तिथेच होता आणि दारापेक्षा चांगलाच रुंद होता. तो संग्रहालयात हलवायची टूम निघाली, तेव्हा कोणीतरी भिंत फोडा म्हणालं, कोणी रांजणच तुकड्यांत न्या म्हणालं. आभाने वर्षभर सगळ्यांशी भांडून दोन्ही वाचवलं. “माझ्यासाठी कधी एवढी भांडलीस का गं?” असं निनाद विचारायचा. त्यात नुसती थट्टा नसायची, हे तिला कळायचं.

निनाद आत शिरला आणि त्याने दारामागच्या खोडाखाली जॅक उभा केला. “नुसता टेकव, उचलू नकोस,” तिने बजावलं होतं. पण पोलादवाल्याचा हात तो. घट्ट बसल्याशिवाय त्याला चैन पडेना, म्हणून त्याने आणखी एक फेरा दिला. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते एकावर एक रचलेले दगड. खोड उचललं गेलं तसा दारावरचा दगड कलला, वरचे सुटले आणि धुरळा बसला तेव्हा दार उरलंच नव्हतं.

“निनाद.”

आतून खोकला आला. “आहे मी. लागलं नाहीये. पण आभा, पुढची सगळी खोडं आता जॅकवरच आहेत. आणि जॅक बेंड होतोय.”

हम्माद रेंज मिळेल त्या उंचवट्यावर धावला आणि धापा टाकत परत आला. “मॅडम, सिव्हिल डिफेन्सवाले निकले हैं. एक घंटा, इन्शाल्ला.” बोलता बोलता तो दारातल्या ढिगातला दगड ओढायला लागला. आभाने त्याचं मनगट धरलं.

“वहाँ से नहीं. ऊपर का सब नीचे आएगा.”

आत माती सांडल्याचा आवाज झाला. आभा घराभोवती फिरायला लागली. शिकत असताना वेल्सच्या डोंगरातली ओसाड शेतघरं मोजण्यात तिने दोन हिवाळे घालवले होते. तिथे एक सवय अंगात मुरली होती, आधी कोपरे बघायचे. दोन भिंतींचे दगड एकमेकांत गुंतलेले असतील तर त्या एकदमच उठलेल्या. नुसत्या टेकलेल्या असतील तर त्यातली एक नंतरची.

रांजण त्या दारातून आत गेलेलाच नव्हता. म्हणजे आधी रांजण आणि मग त्याच्यामागची भिंत. हे तिने किती मीटिंगांत ऐकवलं होतं. कुठली भिंत, ते मात्र निरखून बघितलं नव्हतं. ती उघडायची वेळ येऊच नये म्हणून तर ती भांडत होती.

मागची आखूड भिंत. तिच्या दोन्ही कोपऱ्यांत सरळ उभी फट होती. मागची खोडंही तिच्यावर नव्हती, लांब भिंतींवर होती. अंदाज चुकला तर सगळं छप्पर निनादच्या डोक्यावर येणार होतं. तिला खात्री नव्हती. भीती मात्र पोटभर होती.

“ये दीवार खोलेंगे,” ती म्हणाली. याच भिंतीवर बसलेल्या लोकांना झापताना हम्मादने तिला पाहिलं होतं. तो सरळ भिंतीशी येऊन उभा राहिला. वरून एकेक दगड दोघं उतरवत गेली. छप्पर हललं नाही. पण दगडांमागून रांजणाचं पोट पुढे आलं आणि त्याने सगळी वाट अडवलेली होती.

“उजेड दिसतोय,” पलीकडून निनाद म्हणाला. “पण मधे तुझा रांजण आहे.” जॅक करकरला. “थांबतो मी. येतील ते लोक. रांजणाला काही झालं तर तू...”

“गप्प बस.”

तिने हम्मादकडे पाहिलं. हे सगळं त्याच्या माणसांचं होतं. त्याने रांजणावरून एकदा तळवा फिरवला आणि तो बाजूला झाला. “यल्ला, मॅडम. तोड़ो.”

“निनाद, मागे सरक. तोंड झाक.”

पहिला हातोडा बसलाच नाही. वर्षभर जपणारा हात ऐन वेळी कचरला. तिला स्वतःचा भयंकर राग आला. दुसरा तिने जीव खाऊन घातला. खापऱ्या आत-बाहेर कोसळल्या, जुना कोंडा उडाला आणि भोकातून धुळीने माखलेलं डोकं बाहेर आलं. दोघांनी त्याला काखेत धरून ओढला. ते जेमतेम बाजूला झाले आणि जॅक निखळला. घराची पुढची बाजू खाली बसली.

मग आभा रडली. रडता रडता बाटलीतलं पाणी ओतून त्याचं तोंड पुसत राहिली. निनादच्या हातात एक खापरी तशीच राहिली होती.

“सॉरी. तुझी वर्षाची मेहनत गेली.”

“एक फेरा जास्त का दिलास? सांगितलं होतं ना मी?”

“म्हटलं, घट्ट असू दे,” तो म्हणाला. “तुझा एवढा जीव आहे या घरावर. माझ्या हातून पडायला नको.”

तिने त्याच्या हातातली खापरी काढून घेतली, भिरकावली आणि त्याचा हात घट्ट धरून बसली. खापरी कुठे पडली, तेही तिने बघितलं नाही.