आपल्याच संघाला दृष्ट

फेब्रुवारी संपत आला की ऑरिन आणि मी मार्व्हाच्या खानावळीत बसून बेसबॉलच्या येत्या हंगामाचा अंदाज बांधतो. तो नदीपलीकडच्या डेनमार्शचा, त्यांचा संघ हेरन्स. मी अलीकडच्या ऑल्बीचा, आमचा संघ टॅनर्स. आमच्याकडे आपला संघ जिंकेल असं कुणी तोंडाने म्हणत नाही. दृष्ट लागते. चुकून तोंडून निघून गेलंच, तर दृष्ट टळावी म्हणून लगेच टेबलाच्या लाकडावर बोटं आपटायची. म्हणून दरवर्षी तो टॅनर्सचे गोडवे गातो आणि मी हेरन्सचे. स्वतःच्या संघाला नावं ठेवण्यात तर ऑरिनचा हात कुणी धरू शकत नाही. बॅटरच्या मागे बसून चेंडू अडवणाऱ्या आपल्या कॅचरबद्दल तो एकदा म्हणाला होता, याच्यापेक्षा आमच्या चर्चचं दार बरं, निदान समोर आलेलं अडवतं तरी.

यंदा तो मुलीच्या खांद्याचा आधार घेत आला. कोट अंगावर लोंबत होता. त्याला बसवून ती गाडीत जाऊन थांबली. डॉक्टरांनी त्याला पानगळीपर्यंतची खात्री दिलेली नव्हती, हे दोन्ही गावांना ठाऊक होतं. आणि हंगामाच्या शेवटी हेरन्स आमच्या पुढे असलेले त्याने लहानपणानंतर पाहिले नव्हते.

अंडी आली. त्याने काट्याला हात लावला नाही. मी सवयीने त्यांच्या चेंडू फेकणाऱ्या डावखुऱ्या पिचरची स्तुती सुरू केली, तसा त्याने हात वर केला.

"क्लेटन, पुरे. यंदा ते नाटक नको. तू हिवाळाभर आकडे वाचत बसतोस. खरं सांग, आम्हाला काही आशा आहे का?"

खरं मला माहीत होतं. त्या डावखुऱ्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली होती. त्यांचे दोन चांगले बॅटर मोठ्या शहरांत निघून गेले होते. आमचे मात्र सगळे परतले होते. हे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? आणि तुम्हीच जिंकाल म्हणावं, तर ते मी दरवर्षीच म्हणतो. त्याला त्याची किंमत शून्य.

"तोंड शिवलंय का?" ऑरिन म्हणाला.

"टॅनर्स जिंकतील," मी म्हणालो. एवढ्या मोठ्याने मी सहसा बोलत नाही. "सहज जिंकतील. यंदा आम्हाला कुणी अडवू शकत नाही."

मार्व्हा कॉफीचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. टॅनर्सची टोपी घातलेला एक ट्रकवाला काउंटरवरून म्हणाला, "आजोबा, आधी लाकडाला हात लावा." मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो.

ऑरिनला उमगायला वेळ लागला.

"गाढवा, स्वतःच्याच पोरांना दृष्ट लावतोस?"

"लागू दे."

त्याने माझं मनगट धरलं आणि हात टेबलाकडे ओढू लागला. जोर नव्हता, तरी ओढत राहिला. मी हात दिला नाही. शेवटी दम लागून त्याने सोडून दिलं.

"सप्टेंबरमधला शेवट राहू दे," तो हळूच म्हणाला. "जूनमध्ये आम्ही पुढे असू का, ते सांग."

मी म्हणालो, असाल.

"नको, जूनही लांब झाला. एप्रिलमधला पहिला सामना तुमच्याशीच आहे ना? तो तरी?"

मी मान डोलावली. मग पिचर कोण असेल, हे तो विचारू लागला. डावखुऱ्याच्या जागी कुणी नवखा घेतलाय, एवढंच मी वाचलं होतं. नावसुद्धा नीट आठवत नव्हतं. तरी मी बोलत गेलो. त्याचा चेंडू शेवटच्या क्षणी कसा खाली बसतो, आमचे बॅटर कसे हवेतच बॅट फिरवत राहतील. सगळं मनचं. ऑरिन डोळे मिटून ऐकत होता.

बाहेर मुलीने हॉर्न वाजवला.

"वाजवू दे तिला," तो म्हणाला. "तू सांग."