तोडलेल्या शिरीषातलं घरटं

मित्रांनो, माझा एक डोळा अधू आहे. उजव्या भिंगाच्या आत कधीतरी दमट हवेने बुरशी धरली, ती कायमची. माझा पट्टा दोनदा बदलला गेला, चाक फिरवलं की कुरकुरतं. मी एक जुनी दुर्बीण आहे. आयुष्यभर मी लांबच्या गोष्टी जवळ आणून दाखवल्या. पण एका सकाळी जे दाखवावं लागलं, त्याचा धक्का माझ्यातून अजून गेलेला नाही.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथून एका लष्करी अधिकाऱ्याबरोबर मी सिकंदराबादच्या छावणीत आले. त्याची बदली झाली तेव्हा त्याने सामान विकायला काढलं आणि मला हिम्मतरावांनी घेतलं. हिम्मतराव रेल्वेत गार्ड होते. मूळचे परभणीकडचे, पण आजोबांच्या काळापासून घर तिथेच जवळ काचीगुड्याला. सुट्टीच्या दिवशी ते मला गळ्यात अडकवून पक्षी बघायला निघत. त्यांच्या पत्नी भामाबाई म्हणत, "झालं, निघाली स्वारी सवतीला घेऊन." म्हणत आणि डब्यात दोन पोळ्या जास्त ठेवत. कारण बरोबर त्यांची लेक माधवीही असायची.

शहराच्या कडेला एक राखलेलं वन आहे, तिथे आम्ही जायचो. पुढच्या अंगाला कधीकाळी ओळीने लावलेली निलगिरी. मागे मोठमोठे दगड, करवंदाच्या आणि बोरीच्या जाळ्या, एक ओढा आणि जुनी झाडं. निलगिरीत मला फारसं काम नसायचं. एखादा कोतवाल, एखादा कावळा, बस. मागच्या रानात मात्र हिम्मतराव मला डोळ्यांवरून खाली घेत नसत. पाचोळ्यात तित्तर, जाळीत शिंपी आणि बुलबुल, वरच्या पानांत हळद्या, खोडांवर सुतार. एकाच रानात जणू चार मजल्यांची बिऱ्हाडं होती आणि कुणी कुणाच्या मजल्यावर जात नव्हतं.

ओढ्याकाठी एक अर्धा वाळलेला शिरीष होता. त्याच्या उंच ढोलीत राखी धनेशाची जोडी घरटं करायची. माधवीने माझ्यातून आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला पक्षी तोच. मादी ढोलीत शिरते, आतून तोंड लिंपून घेते, एवढीशी फट ठेवते. तिचे उडायचे पंख आत झडून जातात. पिल्लं जरा मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून तिला फळं भरवत राहतो. हे वडिलांकडून ऐकल्यावर लहानग्या माधवीने विचारलं होतं, "आणि बाबा, तो आलाच नाही तर?" हिम्मतराव म्हणाले, "येतो गं. तो न येऊन कसं चालेल?"

पुढे हिम्मतराव निवृत्त झाले. गुडघे धरले आणि मी कपाटात गेले. डांबराच्या गोळ्यांच्या वासात माझी किती वर्षं गेली, सांगता येत नाही. माधवी शिकली, उद्यानांचे आराखडे करू लागली. एक दिवस कपाटाच्या दारातून मी तिचा आवाज ऐकला.

"बाबा, आपलं ते रान नीट करायचं काम मला मिळालंय. फिरायला येणाऱ्या लोकांच्या तक्रारी आहेत. जाळ्यांत साप असतात, वाळक्या फांद्या अंगावर पडतील म्हणतात. जिवंत झाड एकही तोडणार नाही. झुडपं काढायची आणि वाळलेली झाडं तेवढी."

"चांगलं आहे की," हिम्मतराव म्हणाले. आवाजात केवढा अभिमान होता. "मला न्यायचं बरं का दाखवायला."

एप्रिलच्या एका सकाळी ती त्यांना न्यायला आली. हिम्मतरावांनी मला बाहेर काढलं, फडक्याने पुसलं, गळ्यात घातलं. मला इतका आनंद झाला होता की विचारू नका.

रानात शिरल्यावर पहिल्यांदा काही कळलंच नाही. हिम्मतरावांनी मला डोळ्यांना लावलं आणि मी जाळ्या शोधू लागले. जाळ्या नव्हत्या. जमीन अंगण झाडल्यासारखी स्वच्छ. पाचोळासुद्धा नाही. मोकळ्या मातीवर साळुंक्या तुरुतुरु चालत होत्या, तारेवर वेडे राघू बसले होते. पक्षी होते, नव्हते असं नाही. पण ते माळावरचे, बाजारातले पक्षी. माझे ओळखीचे कुणीच नव्हते. बुलबुल नाही, शिंपी नाही, पाचोळ्यातली खसफस नाही. हिम्मतराव मला डावीकडे फिरवत, उजवीकडे फिरवत, पुन्हा डावीकडे.

"प्रशस्त वाटतंय ना, बाबा?" माधवीने विचारलं.

तेवढ्यात मला धनेश दिसला. नर होता. चोचीत पिकलेलं उंबर धरून ओढ्याच्या दिशेने आला. एका ठरावीक उंचीवर येऊन त्याने पंख फडफडवले, जणू कशाला तरी धरायचं होतं. तिथे नुसती हवा होती. खाली गेला, सावरला, शेजारच्या कडुनिंबावर बसला. पुन्हा उडाला. पुन्हा बरोबर त्याच उंचीवर आला. पुन्हा हवा.

हिम्मतरावांनी मला गळ्यातून काढून लेकीच्या हातात दिलं.

"बघ," एवढंच म्हणाले.

माधवीने बघितलं. तिचा श्वास माझ्या भिंगांवर धुक्यासारखा बसला, तो तिने पुसला नाही.

"मी जानेवारीत पाहणी केली होती," ती हळू म्हणाली. "तेव्हा ढोली रिकामी होती, बाबा. मी स्वतः बघितलं होतं."

"जानेवारीत रिकामीच असते. मादी आता आत बसते."

"म्हणजे ती…" माधवी गेटकडे वळली.

कामावरचा मुकादम शिवराज गेटपाशी उभा होता. माधवीने त्याला शिरीषाचं विचारलं.

"हौ मॅडम, तो काल संध्याकाळी काढला. क्रेनने धरून उतरवला, आपटला नाही. लाकडं लॉरीत हायत. आता निघतीच हाय मिलला."

लॉरी खरोखरच सुरू होती. माधवी चपला सुटेपर्यंत धावली आणि तिच्या छातीवर मी दणादण आपटत राहिले. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "क्या हुआ अम्मा? अब खाली करना नक्को, देर हो जाती."

"एक लाकूड उतरवायचंय. त्याच्यात जीव आहे."

ड्रायव्हर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने इंजिन बंद केलं.

शिवराज जागेवरून हलेना. "मॅडम, राग नका मानू. पण वाळलं म्हणून त्या झाडावर खूण तुम्हीच करून दिली होती."

"मीच केली होती," माधवी म्हणाली. "आता उतरवा."

क्रेनने ओंडके एकेक करून खाली ठेवले. ढोली असलेला ओंडका पालथा पडला होता. माणसांनी तो ओढून कूस बदलली, तेव्हा मातीने लिंपलेलं तोंड दिसलं. लिंपण तडकलं होतं, पण शाबूत होतं. मध्ये ती फट. आत काळोख. माधवीने कान लावला. काही ऐकू आलं नाही.

मागून लंगडत हिम्मतराव पोचले. त्यांनी मला घेतलं आणि उलटं धरलं. मित्रांनो, दुर्बीण उलटी धरून अगदी जवळ नेली, तर ती भिंगासारखी बारीक गोष्ट मोठी करून दाखवते. कुणीतरी मोबाइलचा उजेड फटीवर धरला. माझं तोंड फटीला टेकलं आणि काळोखात मला एक डोळा दिसला. तांबूस, उघडा, न हलणारा. मला वाटलं, संपलं. आणि मग त्या डोळ्याची पापणी मिटली, पुन्हा उघडली.

"आहे," हिम्मतराव म्हणाले आणि तिथेच मातीत खाली बसले.

लिंपण कुणी फोडलं नाही. दोरखंडांनी ओंडका बांधला आणि त्याच क्रेनने जुन्या खोडाशेजारच्या कडुनिंबाला, होता तितक्याच उंचीवर उभा आवळला. मग कामाची आणि फिरायला आलेली माणसं लांब सरली. नर आला, पण तो त्याच्या जुन्या हवेतच घिरट्या घालत होता. हातभर पलीकडे घर होतं, ते त्याला दिसत नव्हतं. कितीदा आला, कितीदा गेला. माधवी बघत होती, माझं चाक तिच्या बोटाखाली घट्ट होतं. दुपारी फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं आणि आतून चिरका आवाज आला. नर वळला. कडुनिंबाच्या सालीला नख्या रोवून बसला आणि त्याने उंबर आत दिलं.

शिवराजने डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. माधवी रडत होती, तिने ते लपवलं नाही.

त्या घरट्यातून त्या वर्षी एकच पिल्लू उडालं. दुसरं मेलेलं, फटीतून बाहेर टाकलेलं खाली सापडलं. माधवीने उरलेल्या रानाची साफसफाई थांबवायला सांगितलं. वनाच्या संचालकांना ते पटलं नाही, भांडण झालं आणि तिचं काम गेलं. पण फिरायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी त्या दिवशी लांब उभं राहून सगळं बघितलं होतं. त्यांनीच अर्ज दिला आणि ओढ्यापलीकडच्या जाळ्या वाचल्या. आता ओढ्याच्या अलीकडे साळुंक्या आणि वेडे राघू, पलीकडे तित्तर आणि हळद्या. मधे फक्त एक ओढा आहे, तरी दोन वेगळी गावं वाटतात.

मी आता माधवीकडे असते. कुठल्याही झाडावर खूण करण्याआधी ती मला घेऊन जाते, तेही विणीच्या हंगामात. मला एकाच डोळ्याने नीट दिसतं, पण तेवढं पुरतं.

मित्रांनो, वाळकं झाड दिसलं, दाट जाळी दिसली, की ती लगेच अडगळ समजू नका. जरा लांब उभे राहा. कुणी चोचीत काही घेऊन येतंय का, तेवढं बघा. घाई असेल तरी बघा. आत बसलेल्याला हाक मारता येत नाही.