धाकट्याला टाळ्या

नगरपालिकेच्या लोकसंख्या विभागात ताईला एकोणीस वर्षं झाली होती. शहरात चौऱ्याऐंशी हजार माणसं, त्यांत बायका किती, साठीच्या पुढची किती, एकेकटी राहणारी किती, सगळं तिला तोंडपाठ. वीस ते पस्तीस वयाचा रकाना दर मोजणीला बारीक होत चालला होता. शिकलेली मुलं मोठ्या शहरांकडे जात. मागे राहिलेल्यांतली काही बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात बसून गर्द ओढत. त्या काहींमध्ये ताईचा सख्खा भाऊ होता.

एकोणतीस वर्षांचा घोडा झाला तरी घरात तो धाकटाच. वडील गेल्यापासून तिघंच राहत होती, आणि आईचा जीव सगळा त्याच्यात. तो घरातून वस्तू नेऊन विकायला लागला तेव्हा ताईनेच खटपट करून त्याला व्यसनमुक्ती केंद्रात घातलं. पहिले दहा दिवस त्याचे फार हाल झाले. उलट्या, पोटात पिळे, झोप नाही. डॉक्टरांनी औषधांवर ठेवून ते दिवस काढले. मग रोज समुपदेशन, रोज गटात बसून बोलणं. आई दर रविवारी धुतलेले कपडे घेऊन जायची आणि येताना रडून डोळे सुजवून यायची.

नव्वद दिवस भरले तेव्हा केंद्राच्या हॉलमध्ये छोटा कार्यक्रम झाला. धाकटा उभा राहिला, "नव्वद दिवस," म्हणाला, आणि साठ-सत्तर माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आईने तर हात लाल होईपर्यंत वाजवल्या. ताईनेही वाजवल्या, पण आतून तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. नव्वद दिवस! आपण एकोणीस वर्षं नाकासमोर चालतोय, त्याचे दिवस कुणी मोजले?

त्याच आठवड्यात ती विभागप्रमुख झाली. घरी येऊन चपला काढता काढता तिने आईला सांगितलं.

"बरं झालं बाई," आई म्हणाली. "त्याचे मोजे वाळले का बघ गं जरा."

धाकटा घरी आला. निघताना समुपदेशकबाईंनी तिघांना समोर बसवून बजावलं होतं. रोज सकाळी जिभेखाली एक गोळी. ती पूर्ण विरघळेपर्यंत घरच्यांपैकी कुणीतरी समोर बसायचं. बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, इतक्या दिवसांत शरीराची सवय मोडलेली असते. चुकून पूर्वीइतकं घेतलं तर श्वास थांबून माणूस जातो.

गोळी देण्याचं काम ताईकडे आलं, कारण आईला डबीचं झाकण उघडायचं नाही. दहा मिनिटं ती त्याच्यासमोर बसायची. तेवढ्यात आई त्याच्यासाठी दूध तापवायची, त्याच्या कपात साय घालायची, त्याच्या केसांवरून हात फिरवायची. ताईचा चहा ओट्यावर निवत असायचा. शेजारपाजारचे येऊन म्हणायचे, "काय सुधारलाय हो पोरगा!" धाकट्याने स्वतःचं ताट विसळलं तरी आईच्या डोळ्यांत पाणी. ती ताटं ताई शाळेत होती तेव्हापासून घासत आली होती.

एका सकाळी आईने सायीचं भांडं त्याच्या कपात पार निपटलं आणि ताईचा ताबा सुटला.

"बाहेरची पूड सुटली आणि घरची गोळी लागली," ती त्याला म्हणाली. "एक सोडून दुसरं धरलंस. यात एवढं कौतुक करण्यासारखं काय आहे, मला तरी कळत नाही."

धाकट्याच्या जिभेखाली गोळी होती. त्याला बोलता येत नव्हतं. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. ताईला क्षणभर, अगदी खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती समोर बसेनाशी झाली. गोळी तळहातावर ठेवायची आणि आंघोळीला निघून जायची. चार-पाच दिवसांनी धाकट्याला जांभया सुरू झाल्या. नाक वाहायला लागलं, खुर्चीत पाय स्थिर राहीनात. आई म्हणाली सर्दी झालीय. ताईने बघितलं आणि ऑफिसला गेली.

अकराच्या सुमारास आईचा फोन आला. "तो घरात नाही. आणि गादी झटकायला घेतली तर उशीच्या अभ्र्यात गोळ्या सापडल्या. पाच आहेत. असं कसं गं झालं?"

 कसं झालं ते ताईला पुरतं माहीत होतं. तिने फाइल तशीच उघडी टाकली आणि जिना उतरली.

सूतगिरणीमागची वस्ती तिने दोन वेळा घरोघर फिरून मोजली होती. कुठल्या खोलीत किती माणसं, कुठला दरवाजा मागच्या गल्लीत उघडतो, तिला सगळं माहीत होतं. धाकट्याचा जुना दोस्त शेवटच्या चाळीत राहायचा. त्याच्या आईने दार उघडलं. हात पिठाचे होते.

"आला होता," ती म्हणाली. "तासभर झाला. दारात उभा होता. आत ये म्हटलं, तर नाही आला. घाम निथळत होता नुसता."

"काही घेऊन गेला?"

"माझा पोरगा झोपलाय अजून. रिकाम्या हातांनीच गेला. कुठे ते नाही सांगितलं."

ताईने आवार पालथं घातलं. पडक्या भिंतीआड तीन मुलं बसली होती, वयं वीस-बावीस. त्यांच्याकडे बघताना तिला प्रथमच रकाना आठवला नाही. एकाचा सदरा उलटा घातलेला होता, एवढंच दिसलं. धाकटा तिथे नव्हता. श्वास थांबून माणूस जातो, हे वाक्य डोक्यात घेऊन ती स्टँडवर गेली, नदीच्या पुलावर गेली, आणि शेवटी दुसरं काही सुचेना म्हणून केंद्रावर गेली.

तपासणीच्या खोलीत तो खाटेवर पडला होता. अंगावर दोन चादरी, तरी कुडकुडत होता. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली होती.

"स्वतःच्या पायांनी आला," समुपदेशकबाई म्हणाल्या. "काही न घेता आला. घसरगुंडी लागली की बरेच जण लाजेने येत नाहीत. हा आला."

"तूच म्हणालीस ना, एक सोडून दुसरं धरलं," धाकटा भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "मग म्हटलं, हेही सोडून दाखवू."

"ते दुसरं व्यसन नसतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "औषध असतं. ते तलफ आवरतं, म्हणून बाकीचं आयुष्य हातात घेता येतं. कधी आणि कसं कमी करायचं ते डॉक्टर बघतील. हे दुसरं व्यसन आहे असं खरंच सांगितलंत तुम्ही याला?"

तोवर केंद्राचा फोन मिळून आईही धापा टाकत पोहोचली होती. तिच्यासमोर ताईला गप्प राहता आलं असतं.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "मला माहीत होतं तरी सांगितलं. समोर बसायचंही मीच सोडलं. मला याचा हेवा वाटतो. हा पडतो तरी सगळी याच्याकडे धावतात, उठतो तरी याच्याकडेच. मी पडलेच नाही कधी, म्हणून माझ्याकडे बघायची कुणाला गरजच वाटली नाही."

आई म्हणाली, "आजारी माणसाचा हेवा करतेस? लाज वाटत नाही?"

"वाटते. तरी हेवा जात नाही."

धाकटा हळूच हसला. दात वाजत होते, तरी हसला. "ताई, तुला पाहिजे तर हा पोटातला पिळा घे. फुकट देतो."

ताईला हसू आलं, आणि मग रडू कोसळलं. आईने तिला जवळ घेतलं नाही. बॅगेतून धाकट्याचा टॉवेल काढला आणि त्याचा घाम पुसत बसली. पुढे तीन दिवस ती ताईशी कामापुरतंच बोलली.

या गोष्टीला आता वर्ष होईल. धाकटा छापखान्यात लागला, गोळी अजून चालू आहे, मात्रा थोडी उतरली आहे. रविवारच्या कुटुंबांच्या बैठकीला आई आणि ताई दोघी जातात. पहिल्या दिवशी पंधरा अनोळखी माणसांसमोर ताईने तेच सगळं पुन्हा सांगितलं. मागच्या रांगेतली एक पोक्त बाई म्हणाली, "माझी मोठी पण अस्संच म्हणते. मी तिला गप्प बसवते." आई त्या बाईकडे बराच वेळ बघत होती.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये आईने खिडकीची जागा ताईला दिली.  थोड्या वेळाने ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. ताई अवघडली होती, पण घर येईपर्यंत तिने खांदा हलवला नाही.